लांजेवारबाईंच्या पाच फेऱ्या

शकुंतला लांजेवार कारखान्यातून निवृत्त झाल्या त्या वर्षी, दिवाळीनंतर, त्यांनी दोन दारांची, छत उघडणारी एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. त्याआधी त्यांनी चारचाकी कधी चालवली नव्हती.

गाडी भिलाईच्या वैशाली नगरमधल्या एका डॉक्टरांची होती. डॉक्टर परदेशी मुलाकडे कायमचे निघाले होते. गडद निळा रंग, पुढे लांब नाक, बसल्यावर जमीन हाताला लागेल इतकी खाली, आणि आत जागा फक्त दोघांना. रिसालीतल्या आमच्या गल्लीत ती आली तेव्हा डॉक्टरांचा ड्रायव्हर चालवत होता आणि बाई बाजूला बसल्या होत्या. हा प्रवास त्यांना आवडला नव्हता, हे दुरून दिसत होतं. उतरल्यावर त्यांनी ड्रायव्हरला चहा पाजला, किल्ली घेतली आणि बाजूच्या सीटकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आता ही रिकामी राहीन."

बाई आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद प्लांटच्या कामावर आले आणि खुर्सीपारमध्ये स्थिरावले. बाई तिथेच वाढल्या, आयटीआय केलं, आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात क्रेन ऑपरेटर म्हणून लागल्या. ही क्रेन म्हणजे रस्त्यावर दिसते ती नव्हे. शेडच्या छताखाली दोन्ही बाजूंना रूळ, त्यावर आडवा पूल, पुलाखाली टांगलेली केबिन. शिडीनं वर चढायचं आणि पाळी संपेपर्यंत खाली बघत ओझी उचलायची, न्यायची, ठेवायची. त्या शेडमध्ये हे काम करणाऱ्या त्या पहिल्या बाई. निवृत्तीपर्यंत त्यांच्या हातून एकही ओझं पडलं नाही. ही माहिती त्यांनी दिलेली नाही. कारखान्यातल्या तीन जणांना वेगवेगळं विचारून मी ती घेतली आहे.

त्याच तिघांपैकी एकानं केबिनची गोष्ट सांगितली. नव्या ऑपरेटरबरोबर सुरुवातीला एक जुना माणूस केबिनमध्ये बसे. पुरुष ऑपरेटरचा जुना माणूस काही आठवड्यांत उतरे. बाईंचा उतरेना. तो मागच्या स्टुलावर बसून तंबाखू मळायचा आणि ओझं जरा हललं की "आस्ते, आस्ते" म्हणायचा. एका पाळीला बाईंनी हूक रिकामा असताना क्रेन शेडच्या मधोमध उभी केली, घंटा वाजवली आणि खाली वाकून फोरमनला म्हणाल्या, "साहेब, वर दोघं जण हावो. क्रेन कोणाची ते ठरवा. ठरेपर्यंत मी बसते."

शेड थांबली. फोरमननं जुन्या माणसाला खाली बोलावलं. शिडीवर पाय ठेवता ठेवता तो म्हणाला, "बाई, मले तं बसाले सांगितलं होतं."

"तेच तं," बाई म्हणाल्या. "अन् मले चालवाले."

गाडी का घेतली, हे गल्लीतल्या सगळ्यांनी विचारलं. बाईंचं उत्तर एकच असे: "आवडली." पुन्हा विचारलं तर, "सांगितलं ना." त्यांचे पती मनोहरराव शाळेत प्रयोगशाळा सहायक होते, बाईंच्या आधी निवृत्त झालेले. त्यांना विचारलं तर ते म्हणत, "तिले विचारा." गाडीत बसायला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी नकार दिला. "माह्यी स्कूटर बरी हाय." बाई गाडी घेऊन निघाल्या की मनोहरराव काही अंतर ठेवून स्कूटरवर मागे असत. पायाशी पाण्याचा कॅन. इंजिनासाठी की बाईंसाठी, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. बाईंसाठी नसावा. क्रेनच्या केबिनमध्ये संडासाची सोय नसते, त्यामुळे कामाला बसण्याआधी पाणी न पिण्याची त्यांना जन्माची सवय लागली होती. गाडीत बसण्याआधीही त्या पाण्याला शिवत नसत.

गाडीत इतर सवयीही आल्या. क्रेन हलवण्याआधी घंटा द्यावी लागते, म्हणून बाई गाडी हलवण्याआधी हॉर्न देत. सुरू करताना, वळताना, मागे घेताना, कधी कधी गिअर बदलतानाही. गल्लीतल्या मुलांना आवाजावरून कळे की काकू आता तिसऱ्यात गेल्या. त्या रस्त्याकडे समोर न बघता बॉनेटच्या पुढ्यात, खाली बघत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डावा पाय. त्यांच्या क्रेनचा ब्रेक डाव्या पायाखाली होता, आणि ओझं लटकत असताना तो पाय पेडलवरून कधी उचलायचा नाही, हे हाडात मुरलेलं. गाडीत डाव्या पायाखाली क्लच असतो. त्यावर सारखा पाय ठेवला की क्लच अर्धवट दबलेला राहतो, घासतो आणि जळतो.

पहिल्या आठवड्यातला प्रसंग मी स्वतः पाहिला. बाई गल्लीत वळल्या. फाटकाजवळ कुत्रं झोपलेलं. बाईंनी डावा पाय पूर्ण दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी होऊन पुढे घरंगळली. मग त्यांनी ते केलं जे जुन्या क्रेनवर प्रत्येक ऑपरेटर करतो आणि जे करायला प्रत्येक कारखान्यात मनाई असते: क्रेन पटकन थांबवायची तर दांडा थेट उलट दिशेला टाकायचा. बाईंनी पुढे जाणाऱ्या गाडीचा गिअर रिव्हर्सकडे ढकलला. जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. कुत्रं उठून गेलं. गाडी पाण्याच्या रिकाम्या ड्रमला टेकून उभी राहिली.

मनोहररावांनी ड्रम सरळ केला. "लागलं का?"

"गाडीले लागलं," बाई म्हणाल्या. "मले काय लागते."

शहराबाहेर एक जुनी, वापरात नसलेली धावपट्टी आहे. हिवाळ्यात महिन्यातल्या एका रविवारी ती एका मोटार क्लबला मिळत असे. भिलाई, दुर्ग, रायपूरची हौशी मंडळी आपापल्या वेगवान गाड्या घेऊन तिथे येत. केशरी प्लॅस्टिकचे कोन मांडून वळणावळणाचा ट्रॅक आखला जाई आणि सकाळभर फेऱ्या चालत. शर्यत नसे. कोणी वेळ मोजत नसे, निदान उघडपणे. मी त्याची बातमी करायला जात असे. हिंदी दैनिकाच्या शहर पानावर चार ओळी आणि एक फोटो, एवढीच जागा मिळे, त्यामुळे पाहिलेलं बहुतेक छापलं गेलं नाही.

पाहिलेलं असं होतं की त्या धावपट्टीवर उत्तम गाड्यांचे हाल होत. राइस मिलवाल्या कुटुंबातला अंकित थंड इंजिन सुरू करून पहिल्याच मिनिटाला इंजिनाच्या गतीचा काटा लाल पट्टीत नेई आणि तिथेच ठेवी. इंजिनाची स्वतःची रोखयंत्रणा पुन्हा पुन्हा इंधन तोडत राही, आणि गाडी ठसका लागल्यासारखी आवाज करी. त्या आवाजालाच तो वेग समजे. एक दंतवैद्य होते. ते दहा मिनिटं ब्रेक तापवून येत आणि उभं राहिल्यावर हँडब्रेक ओढून चहाला जात. परत येईपर्यंत तापलेले ब्रेक चिकटून बसलेले असत आणि चार माणसं गाडी ढकलत. एक ठेकेदार सगळ्या फेऱ्या गिअरच्या दांड्यावर हात टेकवून चालवत आणि आतले गिअर झिजवत. कोणी धापा टाकणारं इंजिन थंड होऊ न देता तसंच बंद करी. टायरचा धूर निघाला की टाळ्या पडत. गाड्या चांगल्या होत्या. चालवणारे बहुतेक वर्षातून चार वेळा चालवणारे होते.

बाई तिथे पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांच्याकडे बघून दोघा-तिघांनी मोबाइल काढले. खादीचा सलवार-कुर्ता, केस घट्ट बांधलेले, पायात कारखान्याचे लोखंडी टोकाचे बूट. मागे स्कूटरवर मनोहरराव. क्लबचा नियम असा होता की नव्या माणसाच्या बाजूला प्रशिक्षक बसणार. पाच फेऱ्या सलग स्वच्छ झाल्या की प्रशिक्षक उतरणार. स्वच्छ म्हणजे कोन पाडायचा नाही, गिअर चुकवायचा नाही, गाडी बंद पडू द्यायची नाही, ट्रॅकवर थांबायचं नाही. पास झालं की आरशाला हिरवी फीत बांधली जाई आणि मग ट्रॅकवर एकट्यानं जाता येई.

बाईंनी नियम ऐकला. "मंजे पाच फेऱ्या कोणीतरी बाजूले बसन."

"हाँ, मॅडम. मैं," थॉमस सर म्हणाले.

थॉमस सर एकटेच प्रशिक्षक होते. केरळी आईवडिलांचे, भिलाईत जन्मलेले, आयुष्य जड वाहनं चालवायला शिकवण्यात गेलेले. बाजूला बसले की दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवत आणि फेरी संपेपर्यंत एक शब्द बोलत नसत. उतरल्यावर एक वाक्य बोलत. पहिल्या दिवशी बाईंच्या गाडीतून उतरले तेव्हा क्लचचा वास जळक्या चपलेसारखा सगळीकडे पसरला होता. थॉमस सरांचं वाक्य होतं, "मॅडम, आपका लेफ्ट पाँव अभी भी ड्यूटी पर है."

"त्याले कोणी रिटायर केलंच नाई," बाई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात त्या पुन्हा आल्या, नवा क्लच टाकून. तिसऱ्या फेरीला दांडा रिव्हर्सकडे गेला. त्याच्या पुढच्या महिन्यात चौथ्या फेरीला गाडी बंद पडली. दर वळणाआधी हॉर्न वाजे. ट्रॅकवर हॉर्न देत नाहीत, असं थॉमस सरांनी सांगितलं. बाईंनी तो बंद केला आणि त्यामुळे वळणं चुकवू लागल्या. मग एकदा उतरल्यावर थॉमस सर म्हणाले, "बजाओ."

इतरांच्या गाड्यांवर बाई बारीक नजर ठेवून असत आणि मनातलं बोलून दाखवत. अंकितला म्हणाल्या, "तुह्यी गाडी खोकलून राहिली बापा. औषध दे तिले." तो त्यांना आंटी म्हणे आणि हसे. दंतवैद्यांची गाडी चौघे ढकलत होते तेव्हा त्या बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, जबडा बसला वाटते." दंतवैद्य त्यानंतर हँडब्रेकऐवजी चाकाखाली वीट लावू लागले. वीट बाईंनीच आणून दिली होती. पण त्या स्वतःला यातून वगळत नसत. एकदा अंकित रागावून म्हणाला, "आंटी, आपने तो दो क्लच फूँके हैं."

"हो ना," बाई म्हणाल्या. "म्हणून तं वास वळखते मी."

अंकित पास झाला. दंतवैद्य पास झाले. ठेकेदारही पास झाले. बाई झाल्या नाहीत. एकदा मी विचारलं, बाजूला माणूस असला तर इतकं काय बिघडतं? थॉमस सर तर बोलतही नाहीत.

"बोलत नाई, पण बसून तं हायेत," त्या म्हणाल्या. "मी वळण घेते, तं त्याहीचं गुडघ्यावरचं बोट हलते. मंग मी रस्ता नाई पाहात, बोट पाहाते."

जानेवारीच्या अखेरीस क्लबला कळवण्यात आलं की धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद होणार आहे. फेब्रुवारीतला रविवार शेवटचा. नवी जागा ठरलेली नव्हती. ती मिळेलच असं कोणी सांगत नव्हतं.

त्या रविवारी बाई सगळ्यांच्या आधी आल्या होत्या. पहिली फेरी स्वच्छ झाली. दुसरी झाली. डावा पाय क्लचपासून दूर, फळीवर टेकलेला होता. थॉमस सरांनी नंतर सांगितलं की गिअर बदलण्यापलीकडे तो पाय उचलला गेला नाही. तिसरी फेरी संथ, चौथी तिच्यापेक्षा बरी. काठावर उभे असलेले लोक फेऱ्या मोजू लागले. मनोहररावांनी स्कूटर स्टँडवर लावली आणि तिच्या सीटवर न बसता शेजारी उभे राहिले. पाचव्या फेरीत बाई लांब सरळ भागावर आल्या. शेवटचं वळण आणि मग फेरी संपण्याची रेघ, एवढंच उरलं होतं. मागे, थोड्या अंतरावर, अंकितची गाडी होती.

वळणाच्या आत कोन उभे करणारा माणूस होता, संतराम. जवळच्या गावचा, क्लबनं रविवारपुरता ठेवलेला. त्यानं हात सरळ वर केला.

बाई थांबल्या. घसरल्या नाहीत, उलटा गिअर टाकला नाही, योग्य पायानं योग्य पेडल दाबून सरळ रेषेत थांबल्या. अंकितला मात्र दोन कोन उडवत बाजूनं निघावं लागलं.

"क्यों रुके?" थॉमस सरांनी विचारलं. चालू फेरीत ते बोलल्याची ही एकच नोंद आहे.

"त्यानं हात वर केला."

संतराम मागे वळून बघत होता, गाडीला हात दुसऱ्याच कोणी केला का ते बघावं तसा. तो धावत आला. पलीकडे चहाची किटली घेऊन फिरणारा दिसला म्हणून त्यानं हात केला होता. छत्तीसगढीत म्हणाला, "मैं तो चाय बर हाथ उठाय रहेंव, दाई." आई, मी चहासाठी हात वर केला होता, हे त्यानं तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यानं कान धरले.

"तुले चहा भेटला का?" बाईंनी विचारलं.

"नई."

"मंग जा, घेऊन घे."

अंकित गाडी सोडून चालत आला. "आंटी, मैं ठोक देता आपको."

"अंतर ठेवाचं होतं बापा."

कारखान्यातल्या तिघांना मी नंतर याबद्दल विचारलं. क्रेन खालून हाताच्या खुणांनी चालवतात. उचल, थांब, डावीकडे, सोड. खुणा करणारा माणूस एकच असतो आणि ऑपरेटरनं दुसऱ्या कोणाची खूण मानायची नसते. याला एक अपवाद आहे. थांबण्याची खूण कोणीही करावी. झाडूवाल्यानं, कँटीनच्या पोऱ्यानं, पाहुण्यानं. ती मानायचीच, आणि का, हे थांबल्यानंतर विचारायचं. वर बसलेल्याला खालचं सगळं दिसत नसतं. एकदा कारखाना बघायला आलेल्या एका पाहुण्यानं छताकडे बोट दाखवायला हात वर केला होता आणि बाईंनी भरलं ओझं अधांतरी थांबवलं होतं. फोरमन ओरडला. बाईंनी उत्तर दिलं होतं, "उद्या खरंच कोणी असन तं?"

ट्रॅकवर बोलणं लांबलं. अंकित थॉमस सरांशी भांडत होता, आणि आश्चर्य म्हणजे बाईंच्या बाजूनं. "सर, ये फेल नहीं है. ये तो किसी ने हाथ दिया था." दंतवैद्य म्हणाले, हरकत नाही, धरून टाका. ठेकेदारही तेच म्हणाले.

बाईंनी थॉमस सरांना दोनच प्रश्न विचारले. "हात दिसला तरी थांबू नका, असं तुमच्या नियमात हाय?"

"नहीं."

"ट्रॅकवर थांबलं तं फेरी गेली, असं हाय?"

"हाँ, मॅडम. रुकना सही था. फेरी गई. दोनों."

"दोनी मान्य," बाई म्हणाल्या.

मनोहररावांना ते मान्य नव्हतं. एरवी मोठ्यानं न बोलणारा हा माणूस म्हणाला, "तिचा काय गुन्हा झाला? पुन्हा जागा कोठी भेटन?" बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी कावून चिडून राहिले? चला, उन्ह झालं." वेळ संपत आला होता. पुन्हा पाच फेऱ्या बसणार नव्हत्या. अंकितनं आणि इतरांनी आपापल्या गाड्या ट्रॅकच्या बाहेर काढून सगळा उरलेला वेळ बाईंना देऊ केला. घाई केली तर जमेल, असं ते म्हणाले.

बाईंनी नकार दिला. "रिकाम्या शेडमंदी क्रेन कोणीबी चालवते. अन् घाईनं तं कोणीच नाई चालवत."

धावपट्टी बंद झाली. त्या दिवशी इंजिनं लगेच बंद करण्याऐवजी चार-पाच गाड्या संथ चालत्या ठेवून थंड केल्या गेल्या. कोणी कोणाला तसं सांगितल्याचं मी ऐकलं नाही.

उन्हाळ्यात गल्लीत एक बदल झाला. पहाटे निळी गाडी बाहेर पडे तेव्हा स्कूटर अंगणातच असे. मनोहरराव बाजूच्या सीटवर बसू लागले होते. पहिल्या दिवशी त्यांनी छताची कड दोन्ही हातांनी धरली होती. त्यांचं काम एवढंच होतं की बाईंचा पाय क्लचवर गेला की "डावा" म्हणायचं. फाटकातून निघाल्यापासून ऐकू येई. "डावा." हॉर्न. "डावा." मे महिन्यात ते पाच-सहा वेळा ऐकू येई, नंतर वळणापर्यंत एखाद्या वेळी. पावसाळ्याच्या शेवटी मनोहरराव बाजूला बसून वर्तमानपत्र वाचत.

मी बाईंना म्हटलं, बाजूला माणूस चालतो म्हणजे तुम्हाला आता.

"हा माणूस नाई," त्या म्हणाल्या. "हा मनोहर हाय."

मनोहररावांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

पुढच्या हिवाळ्यात क्लबला दुर्गच्या पलीकडे एका खाजगी मालकीच्या मैदानाची परवानगी मिळाली. डांबरी पट्टा धावपट्टीपेक्षा अरुंद, वळणं जास्त. पहिल्या रविवारी सकाळच्या सूचना देताना थॉमस सरांनी एक नवा नियम वाचला: मैदानावरच्या कोणाही माणसाचा सरळ वर केलेला हात म्हणजे थांबा, त्यामुळे वाया गेलेली फेरी पुन्हा घेता येईल. नियम कुठून आला हे त्यांनी सांगितलं नाही. अंकितनं विचारलं, "किसी का भी मतलब? चायवाले का भी?"

"चायवाले का भी," थॉमस सर म्हणाले.

संतराम याही मैदानावर कोन मांडायला होता. दिवसभर त्यानं हात पँटच्या खिशांतून काढला तो फक्त पडलेला कोन उचलायला.

बाईंचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ऊन चढलं होतं. मैदानावर आणखी तीन गाड्या फिरत होत्या. थॉमस सर बाजूला बसले, हात गुडघ्यांवर ठेवले. बाईंनी हॉर्न दिला आणि निघाल्या. पाचही फेऱ्या स्वच्छ झाल्या. पाचवीत दोन वळणांवर वेग कमी होता आणि एका वळणावर जास्त, असं थॉमस सरांनी नंतर कधीतरी सांगितलं. उतरल्यावर त्यांनी हिरवी फीत आरशाला बांधली, शिरस्त्याप्रमाणे एक वाक्य बोलले. "मॅडम, अब मेरा काम नहीं." त्यांनी दार लावलं आणि रेघेच्या अलीकडे येऊन उभे राहिले.

बाईंनी सीटचा पट्टा पुन्हा तपासला. रिकाम्या सीटवर थॉमस सरांची टोपी राहिली होती. खिडकीतून ती त्यांनी परत केली. मग हॉर्न दिला.

रेघेजवळ आम्ही सात-आठ जण होतो. थॉमस सर, मनोहरराव, अंकित, दंतवैद्य, संतराम आणि आणखी दोघे-तिघे. निळी गाडी पहिल्या वळणामागे गेली, मैदानाच्या टोकाला दिसली, पुन्हा दिसेनाशी झाली. मग सरळ भागावर आली आणि आमच्याकडे येऊ लागली. कौतुकानं हलवायला अंकितचा उजवा हात वर निघाला. मनोहररावांनी त्याचं मनगट पकडलं, हात खाली ओढला आणि धरून ठेवला.

शकुंतला लांजेवार एकट्या आमच्यासमोरून गेल्या. टाळी कोणी वाजवली नाही. सगळ्यांचे हात खाली होते.